पपई उष्ण असते

साखर सोडली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. शाळेत सांगितलं, वजन वाढलंय. घरी सासूबाईंना सांगितलं, डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलंय. दोन्ही थापा. खरं कारण एवढंच की लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं, दवाखान्यात दोनदा मोठे उपचार करून दोन्ही वेळा हात हलवत परत आलो होतो, आणि नवरा म्हणाला होता, ‘आता बस. तुझे हाल बघवत नाहीत मला.’ त्याचं बस झालं होतं. माझं झालं नव्हतं.

तेव्हाच मला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक बाई भेटली. स्वतःला वेलनेस कोच म्हणवायची. माझ्याच वयाची, पण टवटवीत, हातात कायम ती झाकणाची मोठी बाटली. तिने मला बाकावर बसवलं, जीभ बघितली, नखं बघितली आणि म्हणाली, ‘ताई, तुमच्या बॉडीत टॉक्सिन्स साचलेत. ते आधी काढू. जमीन साफ झाली की मग बघा कसं बी रुजतं.’ एरवी अशा बाईला मी दोन वाक्यांत वाटेला लावलं असतं. दुसरीच्या वर्गाला शिकवते मी, थापा लगेच ओळखू येतात मला. पण ती ‘बी रुजतं’ म्हणाली आणि माझी अक्कलच चालेनाशी झाली. त्या दिवसांत मला कुणी शेण खा म्हटलं असतं तरी मी एवढंच विचारलं असतं, की सकाळी खाऊ का संध्याकाळी.

तर सुरू झालं आमचं डिटॉक्स. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून हिरवी पावडर, तिला शेवाळाचा वास. मग कॅप्सूल, जेवणानंतर घोड्याला द्यावी एवढी मोठी गोळी, संध्याकाळी वाडगाभर पपई. साखर बंद, गूळ बंद, मध बंद, मैदा बंद, चहा बंद. आणि द्राक्षं बंद. नाशिकमध्ये राहायचं आणि ऐन फेब्रुवारीत द्राक्षं बंद. नणंदेच्या घरून पेटी आलेली असायची, नवरा टीव्हीसमोर बसून एकेक मणी तोंडात टाकायचा आणि मी काकडी चावत त्याच्याकडे बघत बसायचे. आमचा काडीमोड झाला असता तर तो तेव्हा आणि त्या पेटीवरूनच झाला असता.

शाळेत वेगळीच परीक्षा. वर्गात सतत कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, आणि मुलं चॉकलेट आणून हातावर ठेवतात. ‘मॅडम, आत्ता खा ना, माझ्यासमोर.’ मी म्हणायचे, नंतर खाते, आणि पर्समध्ये टाकायचे. एक दिवस पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, तुम्ही खात नाही म्हणजे घरी बाळासाठी नेता का?’ मी हो म्हटलं. खोटं बोलू नये असं मीच त्यांना शिकवते. त्या दिवशी हो म्हणताना बरं वाटलं मला, आणि मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले.

सासूबाई मूळच्या मनमाडच्या. सासरे रेल्वेत होते, ते गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या. तोंडाने फटकळ. मीही फटकळ, त्यामुळे आमची भांडणं बरोबरीची व्हायची आणि संध्याकाळपर्यंत मिटायचीही. पण मूल नाही यावरून त्यांनी मला कधी चकार शब्द ऐकवला नाही. कुणा पाहुण्याने खोचकपणे विचारलंच तर त्याच म्हणायच्या, ‘तुमच्याकडे जेवायला येतात का दोघं? मग तुम्हाला कशाला काळजी?’ असं उत्तर ऐकलं की पाहुणा गप चहा संपवून उठायचा.

डिटॉक्सच्या पहिल्याच आठवड्यात मी आडवी झाले. चहा सुटल्यामुळे डोकं ठणकायचं आणि पावडरीने मळमळायचं. एका सकाळी बेसिनवर वाकून ओकत होते. सासूबाई मागे उभ्या राहून पाठ चोळत होत्या. मान वर करून आरशात बघितलं तर त्या चक्क हसत होत्या.

‘आई, मी इथे ओकतेय आणि तुम्ही हसताय?’

‘हसत नाही गं. चूळ भर. होतं असं सुरुवातीला.’

मला वाटलं, यांना काय माहीत डिटॉक्सच्या सुरुवातीला काय होतं. पण विचारायचं त्राण नव्हतं.

त्यानंतर त्या बदलल्या. मला पाण्याची बादली उचलू देईनात. धुणं वाळत घालायला हात वर केला की धावत येऊन कपडा काढून घ्यायच्या. शाळेत निघाले की दारात येऊन, ‘गाडी हळू चालव, खड्डे बघून.’ स्वयंपाकघरात फोडणी पडली की म्हणायच्या, तू जा बाहेर, वासाने त्रास होईल. डॉक्टरांचं नाव घेतलं की सासू नरमते, हा शोध आपल्याला बारा वर्षं उशिरा लागला, असं मी मनात म्हणायचे आणि सोफ्यावर पाय पसरून बसायचे.

मग पपईवरून वाजलं. संध्याकाळी फोडी करून वाडगा झाकून ठेवला होता. तोंड धुऊन येते तो वाडगा रिकामा. सासूबाईंनी पपई कामाच्या बाईंना देऊन टाकली होती.

‘पपई उष्ण असते,’ त्या म्हणाल्या.

‘असू दे. माझ्या डाएटमध्ये आहे.’

‘डाएटमध्ये असली तरी ह्या घरात यायची नाही.’

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठी बघून आणली. तीही गायब. तेव्हा मात्र माझा तोल गेला. पोटात साखर नाही, चहा नाही, वर हे. मी नाही नाही ते बोलले. माझ्या शरीराचं मी बघेन, तुम्ही मध्ये पडू नका, असं सुद्धा बोलले. एरवी त्यांनी माझं एकही वाक्य खाली पडू दिलं नसतं. त्या दिवशी त्या सगळं ऐकून घेत डाळिंब सोलत बसल्या, दाण्यांची वाटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, ‘चिडू नकोस. आता चिडायचं नसतं.’ रात्री मी नवऱ्याला सांगितलं, तुझ्या आईला काहीतरी झालंय. तो एकलहऱ्याला वीज केंद्रात, शिफ्टचा माणूस, कायम झोपेला आलेला. म्हणाला, ‘गोड वागतेय ना? मग वागू दे की.’

या सगळ्यात माझी पाळी आलेली नव्हती. ती पहिल्यापासून लहरी, दोन-दोन महिने यायचीच नाही. तिच्यावर आशा लावायचं मी केव्हाच सोडलं होतं. सोडलं होतं म्हणते खरी, पण मार्चमध्ये एकदा घरी टेस्ट केली. एकच रेघ. पट्टी कागदात गुंडाळली आणि घरच्या कचऱ्यात दिसायला नको म्हणून शाळेत नेऊन टाकली. सासूबाईंचं लक्ष मात्र देवघराकडे होतं. पाळीच्या दिवसांत मी देवापाशी दिवा लावत नाही, एवढं एक मी त्यांच्यासाठी पाळते. मी रोज दिवा लावत होते आणि त्या रोज ते बघत होत्या. हे मला नंतर कळलं.

चैत्रातला एक रविवार होता. नवरा सकाळच्या शिफ्टला गेलेला. सासूबाई म्हणाल्या, ‘आज जरा साडी नेस. वरच्या काकू येणार आहेत.’ वरच्या काकू म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या, साठीच्या, हसऱ्या. चैत्रातलं हळदीकुंकू असेल असं मला वाटलं. सासूबाईंनी पाट मांडला होता, ताटात तांदूळ, नारळ, हिरवा खण आणि मोगऱ्याचा गजरा. दार मात्र आतून लावून घेतलं होतं, कडीसुद्धा. सासरे गेल्यापासून त्या कुणाची ओटी भरत नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि काकूंना म्हणाल्या, ‘तुम्हीच भरा. मी आपली बघते.’

काकूंनी कुंकू लावलं, गजरा माळला. मी पदर पसरला. त्यांनी ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. मग पेढा पुढे केला. मी म्हटलं, नको काकू, मला गोड बंद आहे. तर दारातून सासूबाई म्हणाल्या, ‘घे. एवढ्याने शुगर वाढत नाही. आजच्या दिवशी नाही म्हणू नये.’ मी तोंड उघडलं. पेढा जिभेवर विरघळू लागला. इतक्या दिवसांनी साखर, डोळेच मिटले माझे. आणि काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, ‘आता जप हो स्वतःला. तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, म्हणून तर ही चोरून ओटी.’

चोरओटी. तिसऱ्या महिन्यात, कुणाला कळू न देता भरतात ती. तोवर विचारायचं नसतं, तोंडातून काढायचं नसतं, दृष्ट लागते. म्हणूनच सासूबाईंनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मुलालाही सांगितलं नव्हतं. बादली, फोडणी, पपई, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. तोंडात पेढा होता. मी तो गिळला.

 काकूंना वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सासूबाईंनी कडी काढून त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. परत आल्या तेव्हा मी तशीच पाटावर, पदर दोन्ही हातांनी धरून.

‘आई, मला दिवस गेलेले नाहीत.’

 ‘ओकत होतीस की.’

‘ती पावडर होती.’

‘डॉक्टरांनी साखर बंद केली ना तुझी? शेजारच्या मुलीला पण तशीच केली होती, पोटुशी असताना.’

‘डॉक्टर नव्हते, आई. ट्रॅकवरची एक बाई होती. टेस्ट केली होती मी. काही नाहीये.’

‘रोज दिवा लावत होतीस,’ त्या म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. नारळाचं वजन माझ्या मांडीवर पडत होतं आणि पदर सोडला तर तांदूळ सांडतील म्हणून मला हात हलवता येईना. त्यांनी विचारलं, ‘मग चहासुद्धा सोडलास तो कशासाठी गं?’

‘ह्याच्यासाठीच.’

‘माझ्यासाठी करत असशील तर नको करूस. मी काही मागितलंय का तुझ्याकडे कधी?’

‘तुमच्यासाठी नाही,’ मी म्हटलं. ‘मला हवंय. मला मूल हवंय, आई.’

बारा वर्षांत त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. लोकांना आम्ही सांगायचो, बघू, घाई काय आहे. नवऱ्याला म्हणायचे, तुझी इच्छा आहे म्हणून. डॉक्टरांना म्हणायचे, घरच्यांना वाटतं. आणि आता भरलेला पदर धरून बसले होते आणि तेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, मला हवंय, मला हवंय, लहान मूल हट्टाने म्हणतं तसं. नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. शेवटी सासूबाई उठल्या, आपल्या पदराने माझं तोंड पुसलं आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या.

‘मी साडी फाडली गं,’ त्या म्हणाल्या. ‘जुनी सुती होती, मऊ झालेली. दुपटी शिवली तिची. दुपारी तू शाळेत असायचीस तेव्हा.’

‘बघू?’

‘नको.’

‘नाव पण ठरवलं होतंत का?’

त्यांनी मान हलवली. हो म्हणून. मुलाचं का मुलीचं, काय, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. मूल झालं नाही, होणारही नाही. पावडरीचे डबे मी तेव्हाच टाकून दिले, चहा पुन्हा सुरू केला, दोन चमचे साखर घालून पिते. ओळखीच्या बायका अजून माझी कीव करतात आणि करू देत. पण त्या रविवारी आईंच्या शेजारी बसले असताना मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलंच, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला, अजून वाटतो. माझं बाळ घरात एक दिवससुद्धा नव्हतं. आईंच्या जवळ मात्र ते दोन-अडीच महिने होतं, नावासकट.