डेअरीतला तक्ता आन पयली आलेली लक्ष्मी

आमच्या डेअरीत दुधापेक्षा किस्सेच जास्त गोळा व्हतात. दूध निदान टँकर तरी घेऊन जातो, किस्से कोन नेनार? साठत्यात आपले. आन फॅट म्हनाल तर दुधापेक्षा चांगली!

काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. डेअरी बायकांची. भिंतीवर मोठा टीव्ही लावला. कुनाचं दूध किती लिटर, फॅट किती, समदा तक्ता त्यात दिसायचा. तो बनवायची सुनीता, पारनेरची लेक, आमच्या गावची सून. पयलीच नोकरी तिची. वरून तिला सांगितलेलं, "म्हयन्यानं साहेब येतील. बायका तक्ता बघत असल्या तर टीव्ही ऱ्हाईल, न्हाईतर टीव्हीबी जाईल आन तूबी." पोरीचा जीव टांगनीला!

*

तक्त्यात नावं समदी नवऱ्यांची. शेन काढायचं, धारा काढायच्या आमी, आन नाव ह्यांचं! आपली ओळ कंची, हे सुनीताला इचारायचं तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागतंय. मग इचारतंय कोन!

मी म्हनलं, "त्यात काय, उखान्यात घ्या की!"

झालं! एकेक बाई लाजतीय, पदर चावतीय, उखाना घेतीय. रांग पार देवळापत्तुर. टँकरचा डायवर वरडला, "मावशे, हितं लगीन कुनाचं हाय?"

*

दुसऱ्या दिवशी सुनीता म्हनली, "आजी, तुमीच सांगा, नाव कुनाचं टाकू?"

"दूध कोन देतं? तिचं टाक!"

तिनं खरंच नवऱ्यांचा रकाना झाकला आन गाईंची नावं टाकली. लक्ष्मी, गंगा, सोनी, मैना. बायका टीव्हीला चिकटल्या! माझा म्हातारा तेवढा रुसला, "माझं नाव काढलं व्हय?"

म्हनलं, "फॅट द्या, टाकते!"

*

मग ज्येला त्येला अक्षर मोठं पायजे. "अजून मोठं कर गं!" सुनीता बिचारी वाढवत गेली. शेवटी टीव्हीत एकच ओळ मावली. त्या दिवशी गावात एकच गाय हुती!

*

कमी फॅटची ओळ सुनीतानं लाल केली. लाल झाली हिराबाईची लक्ष्मी. हिराबाईला वाटलं, कुकवाचा मान मिळाला! समद्यांना गूळ वाटला. सुनीताच्या डोळ्यांत पानी, खरं सांगायचं कसं? मीबी गुळाचा खडा तोंडात टाकला.

संध्याकाळी सुनीतानं रंगच फिरवला. चांगल्या फॅटला लाल, कमीला कायबी न्हाई.

सकाळी हिराबाई कडाडली, "माझ्या लक्ष्मीचं कुकू कुनी पुसलं?"

म्हनलं, "पेंड चार, परत लागंल."

चारली की! म्हयना भरायच्या आत लक्ष्मी लाल, आन समद्यांच्या वर.

*

साहेब आले ते हार-नारळ घेऊनच. तक्ता वाचला. "पहिला नंबर लक्ष्मीताईंचा! कुठे आहेत? सत्कार करू त्यांचा."

सुनीता सांगायला उठली. मी तिचा हात दाबला. "साहेब, ती घराबाहेर पडत न्हाई वो."

"अहो, मानानं घेऊन या!"

हिराबाईनं आनली. दाव्यासकट.

बायकांचे पदर तोंडाला. सुनीतानं डोळेच मिटले, गेली नोकरी! साहेबांनी एकदा तक्त्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग गपचूप हार पुढं केला. लक्ष्मीनं तो हातातनंच वढला आन चघळाया लागली.

साहेब रुमालानं हात पुसत सुनीताला म्हनले, "मॅडम, तक्त्यात अजून एक रकाना टाका. कोणाला काय खायला आवडतं त्याचा. पुढच्या महिन्यात हार नको, मी उसाचं वाढं घेऊन येतो."