‘येवंदे’ म्हणणारा आवाज

फोर्कलिफ्ट मागे घेताना आमच्या गोदामात आधी विचारायची पद्धत होती. ऑपरेटर मोठ्याने म्हणायचा, "मागे कोण?" आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने "येऊ दे" म्हटल्याशिवाय मशीन हलायचं नाही. ही पद्धत कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. प्रशिक्षणात शिकवतात ते वेगळं: मान वळवा, दोन्ही खांद्यांवरून बघा, हॉर्न द्या. पण रॅकमधल्या गल्ल्या अरुंद, आणि पुढच्या दात्यांवर उचललेला माल डोक्यापेक्षा उंच. समोरचं काही दिसत नाही म्हणून निम्मं काम उलटं चालवूनच होतं. आणि आमच्याकडे मागे बघायला माणूस होता.

तो माणूस म्हणजे काका. नात्याने ते आमच्यातल्या कोणाचेच काका नव्हते. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर काकांनी मिळेल ते काम केलं आणि शेवटी मुलुंडच्या आमच्या गोदामात लोडर म्हणून लागले. बाकी सगळे "येऊ दे" म्हणत, काका "येवंदे" म्हणायचे. "येवंदे, येवंदे, येवंदे... बस्स!" बस्सबरोबर रॅकच्या लोखंडी खांबावर तळहाताची थाप पडायची. ती थाप ऐकली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

मी या गोदामात आलो तो बिलं लिहिणारा कारकून म्हणून. तालुक्याच्या गावी शिकून बी.ए. झालेलो. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे निकालाच्या दिवशी आईने गल्लीत साखर वाटली होती. पुढे कारकुनाची जागाच उरली नाही. सुपरवायझर म्हणाले, "ऑपरेटर हवा आहे. लायसन्स काढ, राहशील." मी काढायचं ठरवलं. लेखी परीक्षेत मला काही अवघड गेलं नाही. मशीनचा तोल कुठे असतो, माल किती उंचीवर धरायचा, सगळं पाठ होतं. पण फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, आणि हे पाठ करून कळत नाही. मी डावीकडे वळवायचो आणि मशीनचं ढुंगण भलतीकडे जायचं.

जेवणाच्या सुट्टीत गोदाम रिकामं असे. काका डबा लवकर संपवायचे आणि माझ्या मागे येऊन उभे राहायचे.

"ग्रॅज्युएटा, आरशात काय बघतंस?"

"मागचं दिसतंय का बघतोय, काका."

"आरसो दाढी करूक आसता. मागे मी आसंय मा? मग घाबरतंस कित्याक? येवंदे."

आणि मी मशीन मागे घ्यायचो, त्यांच्या आवाजावर. आज मी जो काही ऑपरेटर आहे तो त्या दुपारींमुळे, हे मी कोणालाही सांगेन. लायसन्स हातात आलं तेव्हा ते मी सगळ्यात आधी काकांना दाखवलं. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. "चोरासारखो दिसतंस," म्हणाले, आणि लायसन्स सदऱ्याला पुसून परत दिलं.

गेल्या वर्षी गणपतीनंतर काका गेले. मशीनखाली नाही, गोदामातही नाही. रविवारी घरी जेवले, जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत. भांडुपला अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो. सोमवारी कामावर आलो तर गल्लीत काम साठलेलं होतं.

त्यांच्या जागी माणूस घेतला नाही. मशीनला बझर बसवला आणि मागे एक निळा दिवा. मशीन मागे यायला लागलं की आधी जमिनीवर निळा ठिपका सरकत येतो, म्हणजे माणसाने बाजूला व्हावं. सोय चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. पण माझी सवय मोडली नाही. रिव्हर्स टाकण्याआधी मी विचारत राहिलो, "मागे कोण?" आणि उत्तर येत नाही म्हणून मान वळवून बघत राहिलो.

मग एका दुपारी उत्तर आलं.

सुट्टी संपायची होती. मी मागच्या गल्लीत एकटाच होतो. "मागे कोण?" म्हटलं, आणि मागून, नेहमीच्या अंतरावरून, "येवंदे" ऐकू आलं. मोठा आवाज नाही. जेवून आलेल्या माणसाचा असतो तसा, जरा जड. मला भीती वाटली नाही. हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. अंगावर काटा नाही, काही नाही. उलट खांदे सैल पडले. मी मशीन मागे घेतलं, आणि जिथे थांबायला हवं होतं तिथे "बस्स" ऐकू आलं. थाप मात्र ऐकू आली नाही.

त्यानंतर तो आवाज येत राहिला. रोज नाही, पण बहुतेक दिवशी. कधी मी विचारलं आणि उत्तर आलं नाही, की खाली उतरून पाहायचो. मागे कोणी तरी ट्रॉली सोडलेली असायची, नाहीतर मालाखाली घालायचं लाकडी पॅलेट आडवं पडलेलं. आवाज कधी चुकला नाही. मान वळवायची माझी सवय कधी सुटली ते मला कळलंही नाही. घरी आईला मी काही बोललो नाही. तिने लगेच नारळ उतरवला असता, आणि मला तो आवाज उतरवून टाकायचा नव्हता.

यंदा लायसन्सची मुदत संपत आली. नूतनीकरणासाठी आमच्याकडे आधी डॉक्टरची तपासणी आणि मग अंधेरीच्या एका प्रशिक्षण केंद्रात मशीनवर चाचणी द्यावी लागते. लायसन्स गेलं तर मशीन जाणार, आणि मशीन गेलं तर मला ठेवायला गोदामात दुसरी जागा नव्हती. घाटकोपरची भाड्याची खोली आणि तिथे आता कुठे रुळलेली आई, सगळं त्या कार्डावर उभं होतं.

डॉक्टरांनी डोळे तपासले, मग कानांवर हेडफोन चढवून एका छोट्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबत गेलो. थोड्या वेळाने त्यांनी दार उघडलं.

"अहो, मी अजून काही सोडलंच नाही. तुम्ही बटण कशाला दाबताय?"

"मला आलं ऐकायला."

"काय?"

‘येवंदे’ आलं, हे मी त्यांना कसं सांगणार? त्यांनी पुन्हा सगळं केलं आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत. जरा जास्तच उत्तम आहेत." सही दिली. मी हसलो, पण खाली रस्त्यावर आल्यावर पहिल्यांदा मला त्या आवाजाची भीती वाटली.

अंधेरीच्या केंद्राचं पटांगण उघडं होतं, चुन्याच्या रेघा मारलेलं. परीक्षा घेणाऱ्या मॅडम बोरीवलीहून यायच्या. टोपी, हातात शिट्टी, आणि तोंडाने फटकळ. समोरचा भाग मी नीट केला. मग उंच माल उचलून रेघांमधून उलटं यायचं होतं. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "मागे कोण?"

"येवंदे," काका म्हणाले.

मी मागे आलो. काहीतरी धप्पकन पडलं आणि शिट्टी वाजली.

मॅडमनी मागे पिवळं जाकीट घातलेला एक पुतळा उभा केला होता. माणूस मान वळवून बघतो की नाही ते पाहण्यासाठीच तो ठेवतात. पुतळा चाकाशी पालथा पडला होता. एक हात अंगाखाली दुमडलेला.

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या. "हा खरा माणूस असता तर?"

मी उतरून पुतळा उभा केला.

"इतकी वर्षं चालवताय ना? मान आखडली आहे का?"

"नाही, मॅडम."

"मग वळवायला काय झालं? पुढच्या आठवड्यात परत या. आणि विचारता कोणाला हो? इथे कोण बसलंय उत्तर द्यायला?"

परत येताना मला एकच गोष्ट दिसत होती. काका त्या पटांगणात कधी गेलेच नव्हते. गोदामाची गल्लीन् गल्ली त्यांना माहीत होती, किंवा मला माहीत होती. अंधेरीचं त्यांना काय ठाऊक असणार? तरी ते बोलले, तितक्याच खात्रीने. आणि तितक्याच खात्रीने ते गोदामातही बोलत होते, जिथे पुतळे नाहीत, माणसं फिरतात. इतके महिने मी कशाच्या भरवशावर मागे येत होतो, हा विचार आला आणि स्टेशनवर मी बराच वेळ बाकावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या ऑपरेटरने मला गाठलं. तो घाटकोपरचाच, माझ्या वयाचा.

"काय रे, पुतळा मारलास म्हणे? वाट लागली ना यार."

"लागली."

"झोपला होतास काय?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो खो खो हसेल अशी माझी तयारी होती. तो हसला नाही. हातमोजे काढून कठड्यावर ठेवले.

"तुला ऐकू येतात?" त्याने विचारलं. "खरंच?"

"हो."

"मी पण विचारतो रे. रोज विचारतो. मला कधीच नाही आलं उत्तर." कठड्यावरचे हातमोजे त्याने उगाच सारखे केले. "लाडका होतास तू त्यांचा. साला, मेल्यावर पण तुलाच."

मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "पण ऐक. मी त्या गल्लीतनं चालत येतो, कळलं ना? तू ऐकून मागे येणार आणि मी खाली जाणार. मान वळव, भाई."

दुसऱ्या चाचणीला मी ठरवून गेलो होतो की तोंड उघडायचं नाही. उघडावं लागलंच नाही. रिव्हर्स टाकला आणि न विचारताच मागून आलं, "येवंदे." मी मशीन थांबवलं, दाते खाली टेकवले, हँडब्रेक ओढला आणि उतरून मागे गेलो. तिथे काही नव्हतं. चुन्याची रेघ होती. मी तिथे, काका उभे राहत त्या अंतरावर, उभा राहिलो आणि तिथून मशीनकडे पाहिलं. ते मला फार मोठं दिसलं. इतकी वर्षं ते याच्या वाटेत उभे राहून मला बोलावत होते.

"काय झालं? बंद पडलं?" मॅडम ओरडल्या.

"नाही. मागे बघायचं होतं."

"दर वेळी उतरलात तर संध्याकाळ होईल. बसल्या जागी मान वळवा."

मी परत चढलो. डाव्या खांद्यावरून पाहिलं, उजव्या खांद्यावरून पाहिलं, आणि मागे यायला लागलो. "येवंदे, येवंदे," आवाज चालूच होता, आणि मी त्याचं ऐकत नव्हतो, फक्त बघत होतो. काकांकडे पाठ फिरवावी तसं वाटत होतं, खरं तर तोंड मी त्यांच्याच बाजूला केलं होतं. रेघ आली. बस्स कोणी म्हणालं नाही. मी ब्रेक दाबला.

मी पास झालो. नवं कार्ड आलं, आईने ते देवापुढे ठेवलं.

पहिल्या दिवशी दुपारी मागच्या गल्लीत मी उंच माल उचलला, रिव्हर्स टाकला आणि विचारलं, "मागे कोण?" उत्तर आलं नाही. मशीन बंद केलं. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्याने. काही नाही. काकांना मीच घालवलं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि कळून काही करता येण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात रॅकच्या पलीकडून, दुसऱ्या गल्लीतून, माझ्या दोस्ताचा आवाज आला, "येऊ दे रे, येऊ दे!"

त्याला तिथून माझ्या मागचं काहीही दिसत नव्हतं. मी मशीन सुरू केलं आणि मान वळवली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. गल्ली शेवटपर्यंत रिकामी होती. मी मशीन मागे घेतलं.