न पाहिलेल्या देशाचा कॉन्सुल

सिंगापुरात वन-नॉर्थच्या ऑफिसात सकाळची मीटिंग चालू असताना ताईचा फोन आला. "अगं, हे उठतच नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. ब्युओना व्हिस्टाला एमआरटी पकडली आणि थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत, पासिर रिसपर्यंत, उभीच राहिले... बसायला जागा होती तरी. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. अरुणभाऊजी झोपेतच गेले होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

भाऊजी तुआसच्या गोदीत जहाजदुरुस्तीचे इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, पुढे सिंगापूरचे नागरिक झालेले, आणि शिवाय पॅसिफिकमधल्या एका एवढ्याशा बेटराष्ट्राचे इथले मानद कॉन्सुल. मानद म्हणजे पगार नाही, गाडी नाही, ऑफिसही नाही. त्या देशाचं एकुलतं एक प्रवासी जहाज दुरुस्तीला तुआसला आलं होतं. त्याच्यासोबत आलेला अधिकारी दोन महिने हॉटेलात एकटाच राहायचा. भाऊजींनी त्याला एका रविवारी घरी जेवायला आणलं, मग दर रविवारी आणलं. वर्षभरानं त्यांच्या सरकारचं पत्र आलं : इतक्या लांब वकिलात उघडणं आमच्या आवाक्याबाहेर आहे, तुम्ही आमचे प्रतिनिधी व्हाल का? इथल्या सरकारनंही मंजुरी दिली. ब्लॉकच्या इमारतीबाहेर पाटी लावता येत नव्हती, म्हणून ती फ्लॅटमधल्या मागच्या खोलीच्या दारावर लागली. इस्त्रीचं टेबल त्याच खोलीत होतं, त्यामुळे ताई पुढची कित्येक वर्षं वकिलातीत बसून कपड्यांना इस्त्री करत असे.

मी त्यांची मेहुणी, थट्टा करायचा हक्कच माझा. "काय महामहिम, तुमच्या राष्ट्राची काय खबर?" असं विचारलं की अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "नारळ यंदा बरा आहे." त्यांची लेक रेवा सिंगापुरी इंग्रजीत वैतागायची, "बाबा, नोबडी नोज दॅट प्लेस, लाह!" ते हसायचे आणि फॅक्स वाचायला लागायचे. कुणा खलाशाचा पासपोर्ट हरवलेला असे, कुणाला कंपनीनं पगाराशिवाय बंदरात सोडून दिलेलं असे. गोदीतून सुटले की भाऊजी तसेच तिकडे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

पण तो देश त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. नकाशात बोट ठेवलं की अख्खा देश बोटाखाली झाकला जायचा. तीन वर्षांपूर्वी तिथल्या स्वातंत्र्यदिनाचं आमंत्रण आलं, दोघांना. भाऊजींनी गोदीतून रजा मिळवली. ताईनं तर सगळ्या ब्लॉकला सांगून ठेवलं होतं. लग्नानंतर पुण्याखेरीज ती दोघं कुठे गेली नव्हती.

निघायला दहा दिवस उरले आणि एका जहाजावरून त्या देशाचा एक वयस्क आचारी इथल्या हॉस्पिटलात दाखल झाला. डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. त्याला घरी जाऊन मरायचं होतं. सोबत नर्स असल्याशिवाय विमानकंपनी त्याला घेईना. बेटावर आठवड्यातून एकच छोटं विमान जायचं, आणि ते सणामुळे पुढचे तीन आठवडे भरलेलं. भाऊजींनी आपल्या दोन्ही जागा त्या दोघांना देऊन टाकल्या. ताईला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

ताईनं बोलणं टाकलं. मी मात्र तरातरा पासिर रिसला गेले आणि भांडले.

"त्याचं इथे दुसरं कोण आहे?" भाऊजी म्हणाले. "मीच ना?"

"आणि ताईचं कोण आहे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुढच्या वर्षी नेतो तिला," म्हणाले.

पुढच्या वर्षी गोदीतून रजा मिळाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी भाऊजींना हृदयाचं दुखणं निघालं. तो आचारी मात्र घरी पोचला, आपल्या माणसांत एकोणीस दिवस जगला. भाऊजींनी मला हे किती आनंदानं सांगितलं होतं... आणि मी नुसतं "बरं" म्हणाले. माझं चुकलं, हे म्हणायचं राहून गेलं. ते आता कायमचं राहिलं, आणि मला ते फार लागतं.

गेल्या आठवड्यात त्या देशाचं पत्र आलं. दुखवटा होता, आभार होते, आणि शेवटी रीतीप्रमाणे विनंती : कॉन्सुलचा शिक्का आणि नोंदवही कुरियरनं परत पाठवावी. ताईनं ते दोनदा वाचलं. "कुरियरनं नाही," म्हणाली. "मी नेऊन देते." तिनं एकच तिकीट काढलं. उद्या निघते आहे.

काल तिचं सामान भरायला गेले होते. मागच्या खोलीत ती शिक्का जुन्या मऊ पंच्यात गुंडाळत होती. मला आठवण म्हणून काहीतरी हवं होतं. पर्समधल्या माझ्या वहीतून एक पान फाडून मी तिच्यापुढे धरलं, म्हटलं, "ताई, एकदाच उमटव ना यावर."

तिनं माझा हात हलकेच बाजूला केला.

"कोऱ्या कागदावर नाही मारायचा गं," ती म्हणाली. "हे रागावतील."