उघडं फाटक

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या मराठी मंडळींचा एक चालणारा गट आहे आणि त्या गटाची एक लाडकी वाट आहे. डोंगराच्या दोन अंगांना दोन चिमुकली गावं. एकातून निघायचं, खिंड ओलांडून दुसऱ्यात जेवायचं आणि नदीकाठाने फिरून पुन्हा पहिल्यात यायचं, असा तेरा किलोमीटरचा गोल. गावांना त्यांची त्यांची चांगली नावं आहेत, पण आपल्या लोकांनी पहिल्याचं बुद्रुक आणि दुसऱ्याचं खुर्द करून टाकलं. खुर्दात एकच डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, आणि तेही रविवारी बंद.

कलावतीबाईंना हा गोल एकदा तरी पुरा करायचा होता. वय त्रेसष्ट. बुलढाण्याकडे तीस वर्षं नर्स म्हणून खेडोपाडी पायी हिंडलेल्या या बाई मुलाकडे, मैत्रेयकडे, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या खेपेला पावसाने घात केला, दुसऱ्या खेपेला गुडघ्याने. तेव्हा गटाच्या म्होरक्याने, देवव्रतने, त्यांना गाडीत बसवून परत आणलं आणि 'काकू, पुढच्या वेळी तुम्ही बुद्रुकच्या हॉलवरच थांबा, चहाचं बघा' असं अगदी प्रेमाने सांगितलं. ते बाईंना लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी घरामागचा चढ चढायला लागल्या. आता बुधवारी परतीचं विमान होतं आणि हा शेवटचा रविवार.

देवव्रत पुण्याचा इंजिनिअर. सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला आणि ते कुणाला विसरू न देणारा. तो नेहमी सगळ्यांच्या पुढे, बाई सगळ्यांच्या मागे. मागे राहण्याचं त्यांना काही वाटत नसे. कुणाची पडलेली टोपी उचल, समोरून येणाऱ्याला 'किया ओरा' असा इथला नमस्कार कर, असं त्यांचं चालायचं.

खिंडीखाली मार्गरेट नावाच्या शेतकरणीचं मेंढ्यांचं कुरण लागतं. तिच्या परवानगीवरच ही वाट चालते. कुरणाचं फाटक सताड उघडं होतं. बाकीचे गप्पा हाणत पुढे गेले. बाईंनी ते ओढून घेतलं, कडी घातली आणि नीट लागली का ते हलवूनही पाहिलं. जिथे उघड्या फाटकातून गुरं शिरली की उभं पीक जातं आणि दोन घरांचं वर्षभर बोलणं बंद होतं, तिथल्या त्या बाई. दुसरं काय करणार?

खिंड त्यांनी एकदाही न बसता ओलांडली. खुर्दात पोचल्यावर मैत्रेयने आईच्या पाठीवर हात ठेवला. आता उरली होती ती नदीकाठची सपाट वाट. डबे उघडले, आणि देवव्रत नव्या मंडळींना इथल्या शेतांचे नियम समजावून सांगू लागला. फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं. उन्हाळ्यात मार्गरेट ते मुद्दाम उघडं ठेवते, कारण मेंढ्यांचं पाणी फाटकापलीकडे आहे.

बाईंचा घास हातातच राहिला.

"मी लावलंय ते," त्या म्हणाल्या.

कुणी रागावलं नाही. फोनला रेंज नव्हती. दोन तासांत बुद्रुक येईल, तिथून मार्गरेटला कळवू, असं देवव्रत म्हणाला. "काकू, रिलॅक्स. मिस्टेक कुणाकडूनही होते."

"तहानलेल्याला रेंज येईपर्यंत थांब म्हणायचं का?" बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि बुटाची नाडी आवळली. मैत्रेय म्हणाला, तू थांब, मी पळत जाऊन उघडून येतो. त्यांनी ऐकलं नाही. आपण घातलेली कडी आपणच काढायची, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी गट मैत्रेयवर सोपवून देवव्रत त्यांच्याबरोबर निघाला, जरा कुरकुरतच.

तोच चढ पुन्हा, आणि या वेळी डोक्यावर ऊन. गुडघा ठणकत होता. गोल राहिला, कायमचा राहिला, हे बाईंना पावलापावलाला कळत होतं आणि वाईट वाटत होतं. खिंडीत त्यांनी डोळे पुसले, पण थांबल्या नाहीत. वाटेत केव्हातरी देवव्रतची कुरकुर बंद झाली आणि त्याने न विचारता त्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

फाटकाला मेंढ्या खेटून उभ्या होत्या, तोंडं उघडी टाकून धापा टाकत. बाईंनी कडी काढली. सगळा कळप त्यांना ढकलत पाण्याकडे धावला. तेवढ्यात चारचाकी मोटरबाइकवरून मार्गरेट आली. संतापाने लाल झाली होती. फाटक कुणी लावलं, असं तिने विचारलं. परवानगी जाईल या धास्तीने देवव्रत चाचरला, कुणीतरी वाटसरू असेल म्हणू लागला.

"आय क्लोज," बाई मध्येच म्हणाल्या. "माय मिस्टेक. सो आय कम बॅक."

कुठून, असं मार्गरेटने विचारलं. देवव्रतने खिंडीपलीकडे बोट दाखवलं. मार्गरेट खिंडीकडे पाहत राहिली, मग बाईंच्या धुळीने माखलेल्या बुटांकडे. ती देवव्रतला म्हणाली की तुमचा गट खुशाल येऊ दे, पण सगळ्यांच्या शेवटी चालायला या बाईंनाच ठेवत जा, म्हणजे मला घोर नाही.

बाईंना ते इंग्रजी नीट समजलं. देवव्रत मान खाली घालून उभा होता. बुधवारचं विमान मार्गरेटला सांगायला त्याची जीभ रेटेना.

कलावतीबाईंनी त्याच्या खांद्यावरची आपली पिशवी काढून घेतली.

"आता शेवटी तुम्ही चालत जा," त्या म्हणाल्या.