दारातला उतार

बारामतीपासून इंदापूरपर्यंतची कुठलीही धड चालणारी गाडी माझ्या मेव्हण्याच्या हातात द्यावी आणि ती धड परत मिळावी, असं आजवर एकदाही घडलेलं नाही. तरी लोक देतात. कारण बिघडलेल्या गाडीबद्दल त्याच्याइतक्या मायेनं बोलणारा माणूस ह्या भागात दुसरा नाही. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पणदऱ्याला त्याचा ऊस आहे, दावणीला म्हशी आहेत आणि त्याच गोठ्यात, म्हशींच्या शेजारी, एक जीप आहे. कुठल्याशा सरकारी खात्यानं भंगारात काढलेली ही जीप त्यानं लिलावातून सोडवून आणली. सोडवून हा त्याचाच शब्द, कोंडवाड्यातनं गाय सोडवावी तसा. म्हशीला पेंड घालायचा विसरेल, पण दुपारची भाकरी खाऊन जीपखाली सरकायचा विसरणार नाही. त्याच्या घरी गेलं की पाहुण्याला आधी त्याचे पायच दिसतात. मी तर कितीतरी वेळा त्याच्या पायांशीच गप्पा मारून परत आलोय.

गाडी बंद पडली, असं त्याच्यासमोर म्हणायची सोय नाही. "बंद पडली न्हाय दाजी, थांबलीया. दम खाती ती." मग दोन दोन तास दम खाऊ दे. एकदा बारामतीच्या अलीकडं जीपच्या रेडिएटरमधनं पाणी गळायला लागलं. शेजारी लग्नघर होतं. हा तिथून हळद मागून आला आणि ओतली की रेडिएटरमध्ये! गळती थांबली, हे मला मान्य आहे. पण नंतर कितीतरी दिवस जीप तापली की कालवणाचा वास सुटायचा आणि वाटेवरची कुत्री मागं लागायची. इंजिनच्या पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा त्याच्या जागी बांधायला माझ्या बायकोच्या नव्या पातळाचा काठ गेला. तिनं स्वतः फाडून दिला आणि वर हसली. मी त्या पातळाला नुसता हात पुसला असता तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आणि गाडी खोलून परत बसवली की नटबोल्ट उरायचेच. "पावणं, हे कुठले राहिले?" म्हटलं तर म्हणायचा, "दाजी, कंपनी जास्तीचे घालती. आपुन काढून गाडी हलकी करायची." ते नट मग आमच्या अंगणात पडायचे, आमची ही ते वेचून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायची, आणि पुढच्या खेपेला हा हमखास विचारायचा, "आक्का, एक नट घावला का गं? त्याच्याबिगर दार न्हाय ऱ्हायलं जाग्यावर."

जळोचीला एका चहाच्या टपरीवर ह्याच्यासारख्यांचा एक मेळा भरतो. सगळे जुन्या गाड्या घरीच दुरुस्त करणारे, सगळ्यांची नखं काळी. लोक देवदर्शन सांगतात तसं हे कुठं कुठं बंद पडलो ते सांगतात. एक म्हणणार, मी घाटात निम्म्यात अडकलो. दुसरा म्हणणार, घाटात काय कुणीबी अडकतं, मी नवरदेव गाडीत असताना अडकलो. त्यांच्यातल्या एकानं मुलाच्या हट्टानं कोरी गाडी घेतली. ती बंदच पडेना. बिचारा दोन महिने नुसता चहा पीत मान हलवत बसला आणि मग यायचाच बंद झाला. मेव्हणा मनापासून हळहळला होता. "चांगला माणूस वाया गेला, दाजी."

पण ह्या सगळ्यावर कळस म्हणजे स्टार्टर. जीपचा स्टार्टर पहिल्यापासून मेलेला. गाडी उतारावर लावायची, सुटली की गिअर टाकायचा, मग ती चालू. आणि आमचा मुलूख तर तव्यासारखा सपाट. त्यामुळं कॅनॉलचा भराव कुठं, पुलाची चढण कुठं, हे ह्याला तोंडपाठ. उतार असेल त्या गावच्या लग्नाला जायचा, नसेल तिथं आहेर पाठवायचा. भाचीला एक चांगलं स्थळ आलं तर म्हणाला, "पोरगं लाखात एक हाय, पर दारात उतार न्हाय." हँडब्रेकही नव्हता, म्हणून चाकाला दगड लावायचा. निरोप घ्यायची तर सोयच नव्हती. एकदा चालू झालेली जीप थांबवायची कशी? जे काही बोलायचं ते मान मागं वळवून, पळत्या गाडीतनं ओरडून.

आमचं घर निमगाव केतकीला, रस्त्याला लागून, रस्त्याच्याच पातळीत. मेव्हणा येईनासा झाला. मग आमच्या हिनं काय करावं? शेतातला मुरूम घमेल्यानं वाहून दारात उतार बांधला. एकटीनं. रोज थोडा थोडा, चोपण्यानं बडवून, पाणी मारून. वरती गोठ्याची भिंत, खाली रस्ता. मी म्हणालो, "अगं, पावसाचं पाणी घरात येईल." म्हणाली, "येऊ द्या, भाऊ बी येईल." दोघंही यायला लागले. कोपऱ्यावर जीपचा आवाज आला की ही हातातलं टाकून फुटका वरवंटा घेऊन पळायची. मेव्हणा जीप उलटी वर चढवायचा, तोंड रस्त्याकडं, आणि ही वाकून पुढच्या चाकाला वरवंटा लावायची. जाताना तीच काढायची. मग जीप दिसेनाशी होईपर्यंत तो वरवंटा लेकरासारखा कडेला धरून उभी राहायची.

ती गेली. कशानं, किती दिवस, हे मी लिहीत नाही. लिहून काय होतंय? माणसं म्हणतात, तात्या, देवाचं नाव घ्या. मी घेत नाही. भाकरी करून टाकणारी बाई येते, तिच्याशी बोलण्यासारखं काही नसतं. मुलगा बारामतीला कामाला, रविवारी येतो आणि फोन बघत बसतो. भिंत आणि मी. भिंतीला तरी पालीची सोबत आहे.

तेराव्याचं जेवण झालं आणि मेव्हणा गेला तो गेलाच. महिन्यांवर महिने गेले. फोन करायचा, पण बोलायचा काय, तर, "दाजी, स्टार्टर खोललाय." एकदा मी सरळ बोललो, "तुझी बहीण गेली, अन् तू स्टार्टर खोलून बसलायस व्हय रं?" पलीकडं नुसता म्हशीचा आवाज. मी धरून चाललो की बहिणीपायी येत होता, बहीण संपली, सोयरीक संपली. तिचं नाव घेऊन बोलावं असा तो एकच माणूस उरला होता, तोही गेला.

तेवढ्यात मुलानं उताराचं काढलं. "आबा, पाणी घरात येतंय, तुमी एकदा घसरलाय बी. सपाट करून फरशा बसवू." मी म्हणालो, "कर. आता कोण येतंय हितं?"

जेसीबी आला त्या सकाळी मुलगा रजा काढून आला होता आणि मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. ड्रायव्हरनं विचारलं, "तात्या, कुठनं धरू?" मी हात वर करणार तेवढ्यात कोपऱ्यावर तो आवाज आला. पत्र्याच्या पिंपात गोटे हलवल्यासारखा. मेव्हणा! आणि जीप त्यानं उतारावर नेलीच नाही. रस्त्याच्या कडेला, सपाटीला लावली आणि ऐटीत किल्ली फिरवून बंद केली.

"स्टार्टर केला, दाजी. घरीच. लई येळ लागला."

"अन् तवर बहिणीचं घर आठवलं न्हाय?"

तो जीपच्या दाराशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "दगड लावाय आक्का न्हाय आता. तुमचं गुडघं हे असं. तुमाला वाकाय लावू व्हय? म्हणून आधी स्टार्टर धरला."

मी उठलो. चहा टाकला. मला टाकता येतो तसा. चहा पीत पीत मेव्हणा तिच्याबद्दल बोलला, पातळाच्या काठाचं, हळदीचं. घरात इतक्या दिवसांनी कुणी तिच्याबद्दल मोठ्यानं बोललं. ड्रायव्हरही चहा घेऊन ऐकत बसला.

निघताना मेव्हण्यानं किल्ली फिरवली. कट. पुन्हा कट. बॉनेट उघडलं, पान्यानं दोन ठोके दिले. कट. स्टार्टर गेला तो गेलाच.

"दम खाती का रं?" मी म्हणालो.

"खाती थोडा," तो खाली बघून म्हणाला.

मुलगा कपाळाला हात लावून उभा. शेवटी मीच ड्रायव्हरला म्हणालो, "साखळी हाय का तुझ्याकडं? ओढ ती वर."

"आवो तात्या, मी उतार काढाय आलोय."

"मंग काढशील. आधी वर ओढ."

उतार काढायला आलेल्या जेसीबीनं जीप उलटी त्या उतारावर चढवली. गोठ्याच्या कोनाड्यात वरवंटा होता, तिनं ठेवला तिथंच. मी तो चाकाला लावला. साखळी सोडली, मेव्हणा बसला, आणि मी पुन्हा वाकलो. गुडघा वाळल्या लाकडासारखा वाजला. वरवंटा काढला. जीप सुटली, हिसका खाल्ला, खोकली आणि चालू झाली. तो मान वळवून ओरडला, "दाजी, येतो आईतवारी! उतार राहू द्या!"

ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. म्हणालो, "जा बाबा तू."

मुलगा म्हणाला, "अन् पाणी?"

"येऊ दे," मी म्हणालो.

जीपचा आवाज संपेपर्यंत मी तिथंच होतो. वरवंटा माझ्या कडेला कसा आला, मला कळलं नाही. खाली बघितलं तर चाक होतं तिथं मुरमात एक नट पडला होता. उचलला, पुसला. आत जाऊन फळीवरचा तिचा चहाचा डबा काढला आणि त्यात टाकला. वाजला. आईतवारी विचारेलच तो.