रेकॉर्ड रूम मला कशी मिळाली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. तो गेला तो बायको शांत स्वभावाची आहे असं समजूनच गेला. मुलीजवळ नाही. आणि लातूरच्या त्या डॉक्टरीणबाईंजवळ तर नाहीच, ज्यांनी मला दोन तास प्रश्न विचारले आणि शेवटी, शाळेत बक्षीस देतात तशा आवाजात, सांगितलं की आजी, तुम्हाला ऑटिझम आहे, जन्मापासून आहे. नातीला दाखवायला गेलो होतो. निदान दोघींचं झालं. माझं एकसष्टाव्या वर्षी.

मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आणि तेव्हापासून जो तो मला आणखी बरं वाटायला लावण्याच्या मागे लागलाय.

गेल्या वर्षी पालकांच्या एका मेळाव्यात मला बोलायला बोलावलं. मागे कापडी फलक — 'स्वतःला स्वीकारा'. फलक वाकडा लावलेला, माझी नजर सारखी तिकडेच. मी काय बोलले? मी म्हणाले, एका सरकारी कचेरीत मला एक शांत खोली मिळाली, तिथे सव्वीस वर्षं मी माझ्यासारखी राहू शकले, तिथे माझं माझ्याशी पटलं. समोरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. टाळ्या, शाल, नारळ. एका गृहस्थांनी तर माझे पाय धरले. मला सगळ्यांची शिसारी आली. इतकी माणसं बसली होती, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, ती खोली तुम्हाला मिळाली कशी?

मीही सांगितलं नाही म्हणा. शाल छान होती.

तर आता सांगते. लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. मी नांदेडची. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा एक गोष्ट पक्की ठरवली होती, की घरातल्या पोरी शिकतील. मी शिकले, कारकून म्हणून लागले, आणि नव्या जिल्ह्यातल्या नव्या कचेरीत माझी नेमणूक झाली. कुठली कचेरी ते विचारू नका, सगळ्या सारख्याच. एका दालनात चौदा टेबलं, वर कुरकुरणारे पंखे, अकराच्या चहाला एकाच वेळी दहा जण बोलणारे. केसांच्या तेलाचे वास, स्टूल ओढल्याचे आवाज, आणि साहेबांची ती घंटा — ती वाजली की माझ्या दातांतून कळ जायची. संध्याकाळी खोलीवर गेले की मी अंगावर गोधडी घेऊन भिंतीला टेकून बसायची. उन्हाळ्यातसुद्धा.

पण कचेरीत कुणाला पत्ता नव्हता. मी बेरकी होते. समोर आस्थापनेच्या एक बाई बसत, त्या हसल्या की मी हसायची. माणसाच्या डोळ्यांत बघवत नाही, तर भुवयांकडे बघायचं — त्यांना काय कळतंय? घंटा वाजली की चपलेच्या आत पायाची बोटं आवळायची. हे सगळं मी एकटीने, कुणी न शिकवता शिकले, आणि मला त्याचा गर्व होता. चौदा टेबलांवरची ती माणसं मला मूर्ख वाटत. अजूनही वाटतात.

तुम्ही म्हणाल, नवी पोरगी, त्यातून आमच्यातली, तिच्यावर आधीच दहा डोळे, घाबरली असेल बिचारी. नका म्हणू. ती सोय मला नको. मी घाबरट होते हे खरं, पण मी जे केलं ते भीतीने केलेलं नाही. येतेच तिथवर.

जुन्या जिल्ह्याहून आमच्या तालुक्यांची दप्तरं ट्रकांनी आली. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, त्यांना रुमाल म्हणतात. निजामाच्या वेळेपासूनचे. ते लावायला मागच्या अंगाची एक खोली दिली. जाड भिंती, एकच खिडकी, पंखा नाही. आणि रुमालांबरोबर जुन्या कचेरीतून आले गुंडप्पा, देवणीकडचे रेकॉर्डकीपर. चाळिशीचे असतील. कुणी आलं की उठायचे नाहीत, नमस्कार करायचे नाहीत. उभं राहिलं की पुढे-मागे डुलायचे. गावांची नावं रुमालाच्या क्रमाने स्वतःशीच म्हणत राहायचे. घंटा वाजायच्या आधी त्यांना कळायचं, आणि सरळ दोन्ही कानांत बोटं घालायचे. सगळ्यांसमोर. लाज नाही, काही नाही.

चौदा टेबलांना करमणूक झाली. मला मात्र दोन महिने त्यांच्या हाताखाली गठ्ठे लावायला पाठवलं. ते दोन महिने — काय सांगू? आम्ही दिवसभरात चार वाक्यं बोलायचो. तेही कामाची. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि कुणाला काही वाटत नव्हतं. मी पहिल्यांदा कचेरीतून घरी जाऊन भाकरी केली, जेवले, आणि गोधडी न घेता बसले. मग काम संपलं आणि मला परत दालनात आणून बसवलं.

पुढे पावसाने ओढ दिली. दुष्काळ. टँकर, टंचाईच्या याद्या, रोज बैठका. एकदा वरचे साहेब आढाव्याला आले आणि त्यांनी शिरूर अनंतपाळकडच्या एका गावाचं नाव घेऊन विचारलं, तिथल्या जुन्या सरकारी विहिरीचा कागद आहे का. आमचे अव्वल कारकून म्हणाले, जुन्या जिल्ह्यातून आलाच नाही साहेब. गुंडप्पा दारात डुलत उभे होते.

"हाय की," ते म्हणाले. "तिसऱ्या मांडणीत, खालून दुसरा रुमाल. ह्यांनी मागितलाच न्हाई."

कागद आला. विहीर सापडली, गाळ काढला, गावाला पाणी मिळालं. आणि अव्वल कारकुनांचं तोंड काळं झालं. अशी माणसं विसरत नाहीत. महिन्याभरात त्यांनी गुंडप्पांविरुद्ध प्रकरण तयार केलं, की हा इसम वेडसर आहे, रेकॉर्डसारखी जबाबदारी त्याच्याकडे ठेवणं धोक्याचं आहे. सगळ्यांचे लेखी जबाब घेतले.

बाकीच्यांचे जबाब मी नंतर वाचले. दोन-दोन ओळी. 'स्वभाव विक्षिप्त आहे.' 'फारसे बोलत नाहीत.' एकाने तर लिहिलं, काही तक्रार नाही. ती मूर्ख माणसं, ज्यांना मी तुच्छ लेखत होते, त्यांनी दोन ओळींत भागवलं. मी दीड पान लिहिलं.

माझं अक्षर चांगलं. मी लिहिलं की ते आवाजाने कासावीस होतात, घंटेच्या आधीच त्यांचे खांदे आखडतात. क्रम बदलला की त्यांना तास-तास काम सुचत नाही. नजर देत नाहीत, भुवयांकडे किंवा कानाकडे बघतात. चहाच्या घोळक्यात नेलं की घाम फुटतो. इतकं बारीक कुणाला दिसतं? ज्याला आतून माहीत आहे त्यालाच. त्या दीड पानात एकही गोष्ट अशी नव्हती जी माझी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चाळीस वर्षांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी तेव्हाच लिहून दिली होती — वर दुसऱ्याचं नाव घालून.

अव्वल कारकुनांनी वाचलं, खूष झाले. म्हणाले, बाई, तुम्ही हुशार आहात, मग ह्याला पाठवायचं कुठं ते पण सुचवा. आणि मी शेवटची ओळ लिहिली. 'त्यांना माणसांच्या वर्दळीत ठेवल्यास त्यांच्यात सुधारणा होईल असे वाटते.'

कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला कुणी ओळखेल याची भीतीही त्या दिवशी नव्हती. मग का? मला ती खोली हवी होती. बस. एवढंच आहे. कचेरीत माझ्यासारख्या माणसाला जगता येईल अशी एकच जागा होती, तिच्यात दुसरा बसला होता, आणि त्याला कुठे ठेवलं म्हणजे तो टिकणार नाही हे अख्ख्या जिल्ह्यात फक्त मला ठाऊक होतं.

त्यांना टँकर भरायच्या ठिकाणी नोंदीला बसवलं. कल्पना करा. इंजिनांची घरघर, हॉर्न, भांड्यांचे आवाज, पाण्यावरून होणारी भांडणं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. अकराव्या दिवशी ते वही तिथेच ठेवून चालत निघून गेले. ते देवणीकडे शेतात राहतात, घरच्यांशीही बोलत नाहीत, बैलांपाशी बसून असतात, असं कळलं. कचेरीत दोन दिवस हसणं झालं. मीही हसले, समोरच्या बाईंबरोबर, बरोबर वेळेवर. पुढच्या सोमवारी रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्याकडे आली.

इथे थांबता आलं असतं. असा गुन्हा तरुणपणी घडतो, माणूस पस्तावतो, लोक समजून घेतात. पण आणखी आहे.

सात वर्षांनी एका लग्नाला देवणीला गेले होते. परतीच्या एसटीची वाट बघत उभी होते, तर गुंडप्पा समोर. केस पांढरे, अंगात कचेरीत असायचा तोच बिनबाह्यांचा स्वेटर. कशा आहात वगैरे काही नाही. माझ्या कानाकडे बघत सरळ बोलायला लागले.

"तुमचा जबाब मला दिला व्हता वाचाया. सगळं खरं हाय त्यात. मी तसाच हाय. शेवटची ओळ तेवढी खोटी हाय."

मी त्यांच्या भुवयांकडे बघितलं.

"तुमाला ठाव व्हतं," ते म्हणाले. विचारत नव्हते. क्रमातली एक चूक दाखवत होते.

मी हो म्हणाले. आयुष्यात कुणाला इतकं सरळ उत्तर दिलं नसेल.

त्यांनी मान हलवली. मग सांगितलं की आपल्याला परत कामावर घ्यावं म्हणून त्यांनी वर अर्ज केलाय, सुनावणी लागलीय, आणि तिथले साहेब म्हणाले की जबाब देणाऱ्याने ती ओळ चुकीची आहे असं लिहून दिलं तर त्यांना त्यांच्या जागी घेता येईल. त्यांच्या जागी. म्हणजे माझ्या खोलीत.

"एवढी ओळ दुरुस्त करा," ते म्हणाले. "बाकी ऱ्हाऊ द्या. बाकी खरं हाय."

मी म्हणाले, करते. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. आमच्यासारख्यांचं हेच तर असतं, समोरचा करतो म्हणाला की तो करणार. मला हेही ठाऊक होतं. एसटी आली, मी चढले, खिडकीतून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले, कुलूप काढलं, आत जाऊन दार लावून घेतलं. ती ओळ मी दुरुस्त केली नाही. सुनावणीचं पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं की जबाब कायम आहे. त्यानंतर एकोणीस वर्षं मी त्या खोलीत बसले. खोली फार शांत होती, आणि मी तिथे सुखात होते.