पत्र्यावरची नथ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते, हे आधीच सांगून टाकतो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... सगळा भंपकपणा. मी शहापूरचा. जुने फोटो बघून त्यांचा काळ आणि किंमत सांगणं हा माझा धंदा, आणि या धंद्यात भुतांपेक्षा वारसदार जास्त छळतात. आजोबांचा पिवळा पडलेला पासपोर्ट फोटोसुद्धा त्यांना म्युझियमचा माल वाटतो.

तर मुरबाडहून म्हशाला जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव, मे महिन्यातली भर दुपार. दिलीप नावाच्या अशाच एका वारसाने बोलावलं होतं. वडील वारलेले, घर विकायचं, आणि पेटीभर फोटो. नेटवर काहीतरी बघून स्वारी हवेत होती. निम्मे फोटो वाळवीने खाल्लेले, उरलेले रद्दीच्या लायकीचे. एकच वस्तू खरी निघाली — तळहाताएवढ्या पत्र्यावर उमटलेला, नथ घातलेल्या बाईचा फोटो. लोहचुंबक टेकवला, चिकटला; म्हणजे पत्रा लोखंडाचा, जुन्या पद्धतीचा. जुन्या काळी जत्रेत असे फोटो काढून मिळत. याला गिऱ्हाईक लगेच मिळालं असतं.

कोपऱ्यात दिलीपची आत्या बसली होती — ठकूबाई, ऐंशीच्या पुढची.

"माझी आय हाय ती," ती म्हणाली. "मी तान्ही व्हते तवा गेली. दुसरा फोटू नाय तिचा. येवढा दे मला."

"कसली आय!" दिलीप खेकसला. "नथ बघ ना, उजव्या नाकात हाय. आपल्या बायका डाव्या नाकात घालतात. कुठली तरी परकी बाई हाय ही."

अडाणीपणा परवडला, पण वर ही अक्कल! मी सांगितलं, पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटाच येतो, डावं ते उजवं दिसतं, आणि तीच अस्सल मालाची खूण. म्हणजे म्हातारीचं खरं असू शकतं. दिलीपने त्यातलं 'अस्सल' तेवढं ऐकलं.

"मग विकायचाच," म्हणाला. स्वतःची आजी बाजारात काढताना त्याची पापणीही लवली नाही.

मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. ठकूबाईने पत्रा शेवटचं बघायला मागितला. पदराने पुसला आणि हळूच म्हणाली, "आये, जाव नको गो." बस, एवढंच. मी तिच्या समोरच होतो. तिने तो परत माझ्या हातात दिला...

नथ डाव्या नाकात होती.

पत्रा तोच. खालच्या कोपऱ्यातला गंजाचा डाग जिथल्या तिथे, चुंबकही चिकटत होता. फिरली होती ती फक्त बाई. दिलीपने पत्रा ओढून घेतला, डोळे बारीक करून बघितला आणि भडकला.

"अवो, ही तर सरळ हाय! तुमीच बोललात ना, खरा फोटो उलटा असतो? मग हा नकली हाय!" मघाशी आपणच 'उजव्या नाकात' म्हणालो, हे साहेब सोयीस्कर विसरले. पत्रा आत्याच्या मांडीवर टाकला. "घे, सांभाळ तुझी आय."

 पत्रा तोच आहे हे त्याला पटवायच्या भानगडीत मी पडलो नाही, चुंबक खिशात टाकला.

मोबाइलमधल्या फोटोत नथ आजही उजवीकडेच आहे. सेल्फीत चेहरा उलटा येतो वगैरे ज्ञान कमेंटमध्ये पाजळू नका. कॅमेरे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतात. 

निघताना ठकूबाई पत्रा छातीशी धरून बसली होती. ना भीती, ना आश्चर्य. मला म्हणाली, "एकदा गेली व्हती मला टाकून. आता नाय गेली."